भेलवाटोल्याच्या अकरा शिड्या परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
पुरुष सहभाग कक्ष (कुटुंब सलोखा प्रकल्प),
गोंदिया.

अर्जदार: कु. अल्का खेमराज शहारे, बी.एस्सी. (भौतिकशास्त्र),
गट संघटिका, मौजा भेलवाटोला, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया.

विषय: समाजमंदिराच्या मागच्या खोलीत कुलूपबंद असलेल्या अकरा शिड्या दि. १४ फेब्रुवारी २०२६ पूर्वी ज्यांच्या त्यांच्या घरी परत देण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कक्षाचे पत्र क्र. पुसक/साहित्य/४१, दि. ५ जानेवारी २०२६.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करते की,

१. घरातील मारहाण थांबवण्याच्या कामात पुरुषांना सामील करून घ्यावे, या आपल्या कक्षाच्या सूचनेनुसार मौजा भेलवाटोला येथे ऑगस्ट महिन्यात चौदा पुरुषांचा संवाद गट स्थापन झाला. गटप्रमुख म्हणून श्री. केवलराम यांची निवड झाली. पहिल्या तीन बैठकांत आपण पाठवलेली शपथ तीन वेळा घेण्यात आली. परंतु शपथ घेणारे आधीपासूनच मारत नव्हते आणि जे मारत होते ते बैठकीला येत नव्हते, त्यामुळे शपथेचा परिणाम मोजता आला नाही.

२. चौथ्या बैठकीत मी असा प्रश्न मांडला की, शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर आपण नेमके काय करतो? चौदापैकी अकरा जणांनी टीव्हीचा आवाज वाढवतो असे सांगितले. दोघांनी काही करत नाही असे सांगितले. श्री. केवलराम यांचे म्हणणे मी बैठकीच्या नोंदीत जसेच्या तसे लिहिले आहे: "नवराबायकोच्या मधात पडलो तं दोघंही मिळून आपल्यालेच मारते जी. पण काही मागाले गेलो तं कोण नाही म्हणते?" यावरून असे ठरले की, आवाज ऐकू येताच जवळच्या सदस्याने त्या घरी जायचे आणि काहीतरी मागायचे. भांडणाविषयी अवाक्षरही काढायचे नाही.

३. काय मागायचे हे गटाने कोणत्याही स्त्रीला न विचारता ठरवले आणि मीठ मागायचे ठरवले. मी त्या दिवशी अर्जुनीला गेले होते. दिवे लागल्यावर घरातून मीठ देत नाहीत हे या गावातील प्रत्येक बाईला ठाऊक आहे, पण चौदा पुरुषांपैकी एकानेही आयुष्यात कधी मीठ मागितले नसल्याने त्यांना ते ठाऊक नव्हते. दि. १ ते ७ सप्टेंबर या काळात चार घरी तिन्हीसांजेनंतर मीठ मागण्यात आले. त्यापैकी तीन घरी नवराबायकोने आपसातले भांडण तात्काळ थांबवले आणि दोघांनी एकत्र येऊन मागणाऱ्याला शिव्या दिल्या. काटेकोरपणे पाहिल्यास हे पंचाहत्तर टक्के यश आहे व मी तसे नोंदवलेही आहे. तथापि दि. ७ रोजी सौ. सुशिलाबाई यांच्यासह एकवीस महिला माझ्या दारात आल्या. "मारणं थांबवता का घरची लक्ष्मी नेता?" असा त्यांचा प्रश्न होता. मीठ रद्द करण्यात आले.

४. दि. ८ सप्टेंबर रोजी गटाकडे मागण्यासाठी कोणतीही मंजूर वस्तू नव्हती. त्या संध्याकाळी श्री. ओमेश यांच्या घरातून आवाज आला. सदस्य ओट्यावर बसून काय मागावे याची चर्चा करत राहिले. चर्चा संपली तेव्हा आवाजही संपला होता. श्री. ओमेश यांच्या पत्नी सौ. दुर्गेश्वरी दुसऱ्या दिवशी पदर डोक्यावरून ओढून नळावर आल्या. त्यांचे नाव या अर्जात त्यांच्या लेखी संमतीने घेत आहे. संमती देताना त्या म्हणाल्या, "लिव नाव. गावाले माहीत आहे, मंग साहेबापासून कायले लपवू?"

५. दि. ९ सप्टेंबर रोजी, या वेळी महिलांना विचारून, शिडी हे साधन निश्चित झाले. सुचवणाऱ्या सौ. सुशिलाबाईच होत्या. गावात अकरा घरी बांबूच्या शिड्या आहेत. शिडी घराच्या मागे, सांदवाडीत, भिंतीला आडवी टांगलेली असते. तिची लांबी सुमारे चौदा फूट असते. ती एका माणसाला बोळातून वळवता येत नाही. त्यामुळे शिडी मागितली की घरधन्याला (अ) घराबाहेर यावे लागते, (आ) दोन्ही हात शिडीला लावावे लागतात, (इ) मागणाऱ्याच्या दारापर्यंत तिचे एक टोक धरून चालावे लागते. हापशीजवळ उभी राहून, मोबाइलवरील घड्याळाने मी एकूण एकतीस वेळा मोजमाप केले. दोन्ही हात गुंतलेले राहण्याचा सरासरी काळ सहा मिनिटे चाळीस सेकंद आला. त्यापैकी सव्वीस वेळा, बोळाच्या दुसऱ्या वळणावर, घरधनी "तिकडून उचल नं गा" या किंवा अशाच शब्दांत शेजाऱ्यावर चिडल्याचे आढळले. म्हणजे राग संपत नाही, पण त्याचा पत्ता बदलतो.

६. दि. ९ सप्टेंबर ते ५ जानेवारी या एकशे एकोणीस दिवसांत भेलवाटोल्यात मारहाणीची एकही घटना घडली नाही. ही माहिती मी पुरुषांना विचारून गोळा केलेली नाही. दर सोमवारी महिलांना, नळावर, स्वतंत्रपणे विचारून केलेली आहे.

७. पद्धतीचे काही दुष्परिणाम झाले. ते लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

गटाचेच सदस्य श्री. मुन्नालाल यांनी बावीस वर्षे राईस मिलमध्ये काम केल्याने ते सर्वच गोष्टी मोठ्या आवाजात बोलतात. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे अकरा वेळा शिडी मागण्यात आली. त्यांनी गटाकडे तोंडी तक्रार केली (ती गावाच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू गेली): "मी बायकोले चहा मागतो अन् गाव मले शिडी मागते." सौ. सुशिलाबाई या त्यांच्याच पत्नी. त्यांचे म्हणणे असे की, "माणूस बोंबलते, मारत नाही. पण शिडी नेली का अर्धा घंटा घर शांत राहते. नेत जा."

शिडी घरी आल्यावर ती नुसती ठेवून देणे सदस्यांना बरे वाटेना. ते छपरावर चढू लागले. परिणामी ऐन हिवाळ्यात एकोणीस घरांचे कवेलू (छपराची कौले) फेरण्यात आले. त्यापैकी सात घरांचे फेरण्याची गरज नव्हती.

तसेच शिड्या भांडणाऱ्या घरांतून न भांडणाऱ्या घरांकडे सरकत जातात व शेवटी शांत घरांत साठतात, असे दिसून आले. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो तसाच हा प्रकार आहे. म्हणून दर रविवारी सकाळी सर्व शिड्या पुन्हा मूळ घरी पोहोचवण्याची पाळी लावण्यात आली.

८. दि. २२ डिसेंबर रोजी आपल्या कक्षाचे निरीक्षक भेटीस आले. त्यांनी श्री. केवलराम यांना शिडीवर चढायला लावून छायाचित्र घेतले व समाधान व्यक्त केले. त्यांच्या भेट अहवालात मात्र असा शेरा आहे: "प्रकल्पाचे मुख्य साहित्य गावात विखुरलेल्या अवस्थेत आढळले. एकत्रित जतन आवश्यक." त्यानुसार संदर्भीय पत्र निघाले आणि दि. ६ जानेवारी रोजी सर्व शिड्यांवर लाल रंगात 'पुसक-१' ते 'पुसक-११' असे क्रमांक टाकून त्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत ठेवण्यात आल्या. खोली बारा फूट लांब आहे. शिड्या चौदा फूट आहेत. हे मी त्याच वेळी निदर्शनास आणून दिले होते. खिडकीचे दोन गज काढण्यात आले आणि आता प्रत्येक शिडीचे दोन फूट टोक बाहेर आहे. त्यावर आसपासच्या घरांचे कपडे वाळत घातले जातात. कुलपाची किल्ली आपल्या कक्षाचे विस्तार सहाय्यक यांच्याकडे असते. ते गोंदियात राहतात आणि एकाआड एक गुरुवारी येतात.

९. महोदय, येथे कक्षाची समजूत दुरुस्त करण्याची परवानगी मागते. शिडी हे प्रकल्पाचे साहित्य नाही. शिडीची गावात कोणालाही गरज नव्हती. ती मागण्याची गरज होती. आणि जी वस्तू ओमेशच्या घरी नाही हे सगळ्या गावाला, तसेच ओमेशलाही, माहीत आहे, ती वस्तू त्याच्याकडे मागता येत नाही.

१०. संदर्भीय पत्रानुसार आता शिडीसाठी चोवीस तास आधी, दोन प्रतींत, मागणी प्रपत्र भरावे लागते. प्रपत्रात 'कारण' असा रकाना आहे. खरे कारण लिहावे तर ते घर चोवीस तास आधीच आरोपी ठरते. खोटे लिहावे तर मी खोटे निवेदन केले असे होते. त्यापुढे 'किती उंचीसाठी' असा रकाना आहे. तरीही नियमाचे पालन व्हावे म्हणून दि. ८ जानेवारी रोजी मी प्रपत्र भरले. बुधवारी बाजार असतो आणि त्या दिवशी श्री. ओमेश पिऊन येतात असा माझ्या नोंदींवरून अंदाज होता. म्हणून बुधवार, दि. १४ जानेवारी, सायंकाळी सात, क्र. पुसक-६, अशी मागणी केली. 'कारण' या रकान्यात 'खबरदारी' असे लिहिले.

प्रपत्र दि. १६ रोजी परत आले. त्यावर "उंची नमूद नाही, त्रुटी पूर्तता करावी" असा शेरा होता.

११. दि. १४ जानेवारी रोजी सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी श्री. केवलराम यांना आवाज ऐकू आला. ते ओमेशच्या दारी गेले आणि सवयीने त्यांनी शिडी मागितली. आतून उत्तर आले, "शिडी तं तुमीच नेऊन कुलपात घातली जी. आता कायले नाटक करून राहिले?"  श्री. केवलराम परत फिरले. त्यांनी मला हे सांगितले तेव्हा ते खाली पाहत होते.

सौ. दुर्गेश्वरी यांच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. दवाखान्याच्या कागदावर कारण 'शिडीवरून पडल्याने' असे लिहिलेले आहे. त्यांनीच तसे सांगितले. त्या दिवशी गावातील अकराच्या अकरा शिड्या आपल्या कक्षाच्या कुलपात होत्या, याची नोंद आपल्याच साहित्य नोंदवहीत आहे. या दोन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. दोन्हींच्या प्रती जोडल्या आहेत.

तक्रार देण्याविषयी मी त्यांच्याशी दोनदा बोलले. संरक्षण अधिकाऱ्यांचा क्रमांक त्यांच्याकडे आहे, त्यांच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये, 'सुईण बाई' या नावाने. तो कधी लावायचा हे त्या ठरवतील.

१२. त्यानंतर गटाने इतर वस्तू मागून पाहिल्या. काडीपेटी, पायली, कुदळ. या वस्तू दारातूनच मिळतात, मागणाऱ्याला आठ-दहा सेकंदांत परत पाठवता येते, त्यामुळे उपयोग नाही. दि. २३ जानेवारी रोजी ओमेशच्या घरातून आवाज येताच श्री. मुन्नालाल गेले आणि त्यांनी बैलबंडी मागितली. श्री. ओमेश यांच्याकडे बैल नाहीत आणि बंडीही नाही. हे समजावून सांगण्यासाठी ते बाहेर आले. श्री. मुन्नालाल यांना ते समजत नव्हते. ही चर्चा नऊ मिनिटे चालली आणि तिच्यात आणखी चार शेजारी सामील झाले. परंतु बैलबंडी दुसऱ्यांदा मागता येणार नाही, असे गटाचे एकमत आहे.

१३. आता तातडीचे कारण सांगते. श्री. ओमेश हे स्वतः, एक सदस्य कामासाठी परगावी गेल्याने रिकाम्या झालेल्या जागी, दि. ३ नोव्हेंबरपासून गटाचे सदस्य आहेत. ही गोष्ट निरीक्षकांना विचित्र वाटली होती, मलाही वाटली. पण माझ्या नोंदीनुसार दुसऱ्याच्या घरी शिडी मागायला सर्वांत आधी पोहोचणारे तेच आहेत. कोणता आवाज मुन्नालालचा आणि कोणता खरा, हे त्यांना इतरांपेक्षा लवकर कळते.

महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी चौदापैकी तेरा सदस्य दि. १४ फेब्रुवारी रोजी सकाळी आपल्याच तालुक्यातील प्रतापगडला जाणार आहेत. पाण्याच्या टाकीवर त्यांची सेवा असते आणि ते दि. १६ रोजी परततील. चौदावे सदस्य श्री. ओमेश. त्यांची कालव्याच्या पाण्याची पाळी दि. १५ ला आहे, म्हणून ते गावात राहतील. म्हणजे दि. १४ व १५ या दोन संध्याकाळी गावात गटाचा एकच सदस्य असेल, आणि तो स्वतःच्या घरी शिडी मागायला जाऊ शकत नाही. गावात उरणारे बाकीचे पुरुष एकतर शिडीचे दुसरे टोक उचलू शकत नाहीत इतके वृद्ध आहेत, किंवा दुसऱ्याच्या घरात तोंड घालू नये या मताचे आहेत. मात्र शिडी खरोखर घरी असेल तर ती मागणे म्हणजे तोंड घालणे नव्हे, असे सांगून या मताचे दोघे मागायला जाण्यास तयार आहेत.

सौ. दुर्गेश्वरी यांनी दोन दिवस माहेरी जावे, असे मी सुचवले. त्यांचे उत्तर: "प्लास्टर निघालं का धानाच्या रोवण्याले जाऊन राहिली मी. अन् माझ्या घरून मीच काऊन जाऊ? त्याले पाठव नं प्रतापगडले." मला यात तर्कदोष आढळला नाही. श्री. ओमेश यांना विचारले असता त्यांनी पाण्याच्या पाळीचे कारण दिले. ते खरे आहे, मी कालव्याची यादी पाहिली.

१४. मी स्वतः का जात नाही, असा प्रश्न आपण विचाराल. मी गेले आहे. ऑक्टोबर महिन्यात तीन वेगवेगळ्या घरी मी, सौ. सुशिलाबाई आणि अंगणवाडी सेविका यांनी शिडी मागून पाहिली. तिन्ही घरी पुरुषाने जागेवरून न उठता बायकोला सांगितले, "दे वं त्याहिले शिडी." स्त्रीने शिडी मागितली की शिडी द्यायला स्त्रीलाच पाठवले जाते. तीन हा आकडा लहान आहे हे मला मान्य आहे, परंतु चौथा प्रयोग करण्याची कोणाचीच इच्छा नव्हती.

१५. श्री. ओमेश यांच्याशी मी दि. ३० जानेवारी रोजी बोलले. त्यांचे म्हणणे कारण म्हणून देत नाही, केवळ निरीक्षण म्हणून देते. ते म्हणाले, "मले माहीत आहे ते कायले येतेत. शिडीसाठी नाही येत. पण कोणी दारात आलं का मी उठतो. उठलो का बाहेर येतो. नाही आलं कोणी तं..." पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही.  नोंदीत जागा मोकळी सोडली आहे.

या पद्धतीने माणूस सुधारतो, असा माझा दावा नाही. सहा मिनिटे चाळीस सेकंद, एवढेच मी सिद्ध करू शकते.

१६. सबब विनंती की,

(क) अकराही शिड्या दि. १३ फेब्रुवारीपर्यंत मूळ घरी देण्यात याव्यात. टोकांवरचे कपडे आम्ही काढून घेऊ.

(ख) सर्व देणे नियमात बसत नसल्यास निदान पुसक-६, जी श्री. ओमेश यांच्या घरची आहे, ती द्यावी. प्रपत्र सोबत जोडले आहे. त्यात उंची 'नऊ फूट' लिहिली आहे. त्यांच्या छपराची उंची मी मोजली आहे.

(ग) वरील दोन्हीपैकी काहीही दि. १४ पूर्वी शक्य नसल्यास, दि. १४ व १५ रोजी सायंकाळी साडेसहा वाजता आपल्या कक्षातील एक पुरुष कर्मचारी भेलवाटोल्यास पाठवावा. हुद्दा कोणताही चालेल. कोणी उपलब्ध नसल्यास आपण स्वतः यावे. आपल्या पत्राच्या शीर्षकातच 'पुरुष सहभाग' असे शब्द आहेत आणि कक्षातील एकाही पुरुषाने आजवर कोणाच्या दारी काही मागितल्याची नोंद माझ्याकडे नाही.

येताना गाडी बस थांब्यावरच ठेवावी. साहेब आल्याचे कळले तर श्री. ओमेश खुर्ची आणतील, चहा सांगतील, आणि चहा सौ. दुर्गेश्वरी यांना करावा लागेल. ओळखपत्र दाखवू नये. शपथ, भित्तिपत्रके किंवा छायाचित्रकार सोबत आणू नये. आवाज येत असो वा नसो, दार वाजवावे आणि "ओमेशभाऊ, शिडी आहे का?" एवढेच विचारावे. शिडी नाही, असे उत्तर येईल. ती कोणाच्या कुलपात आहे, हेही ते सांगतील. ते सर्व ऐकून घ्यावे. त्यानंतर श्री. केवलराम जसे परत फिरले तसे आपण फिरू नये. तिथेच थांबावे.

आपल्या उत्तराची, व उत्तर न आल्यास आपली, वाट पाहणारी,

(अल्का खेमराज शहारे)
गट संघटिका, मौजा भेलवाटोला
दिनांक: २ फेब्रुवारी २०२६

सोबत:
१. एकतीस मोजमापांचा तक्ता.
२. साहित्य नोंदवहीच्या पान ७ ची व दवाखान्याच्या कागदाची प्रत (दुसरी सौ. दुर्गेश्वरी यांच्या संमतीने).
३. मागणी प्रपत्र, दोन प्रतींत, त्रुटी पूर्ततेसह.
४. चौदा सदस्यांच्या सह्या. श्री. ओमेश यांनी अर्ज पूर्ण वाचून, परिच्छेद ११ दोनदा वाचून, सही केली आहे.
५. बस थांबा ते श्री. ओमेश यांचे घर, हाताने काढलेला नकाशा. पायी चार मिनिटे.